एक सालपट

थोरल्या भावजींचा चेहरा मी लग्नानंतर कितीतरी वर्षं नीट पाहिलाच नाही. पाहिले ते त्यांचे हात. आमच्यात धाकट्याच्या बायकोनं थोरल्या दिरासमोर यायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, वाटेत आडवा आलाच तर पदर ओढून भिंतीकडे तोंड करायचं. आता नाती हे ऐकून हसतात. हसू देत बापड्या. स्वयंपाकघराच्या दाराची खालची फळी आखडली होती आणि तिथं चांगली बोटभर फट पडली होती. सुताराचं घर आणि दाराला फट! पण ती बुजवायला दोघा भावांना कधी सवड झाली नाही, आणि मीही कधी आठवण केली नाही. चुलीपुढं बसलं की त्या फटीतून पडवी दिसायची. मांडी घातलेले गुडघे, त्यावर आडवी फळी, आणि फळीवरून फिरणारे हात. चेहरा फटीच्या वर राहायचा.

पारनेरात त्यांना गेनू मिस्त्री म्हणत. बायको माझ्या लग्नाआधीच वारलेली, पोरबाळ नाही. आईबाप गेल्यावर धाकट्या भावाला त्यांनीच वाढवला, त्याच्यासाठी भाकऱ्या थापल्या, अंगावरचं धोतर फाडून त्याला बंडी शिवली. तो धाकटा भाऊ म्हणजे आमचे हे. त्यांचं नाव मी अजूनही घेत नाही. भावजी त्यांना सख्या म्हणत, तुम्हीही सख्या म्हणा. दादानं दिवसाला रात्र म्हटलं असतं तर ह्यांनी कंदील लावायला घेतला असता, इतका ह्यांचा दादावर जीव.

बोलायचं नाही म्हटलं तरी एका घरात राहून बोलल्यावाचून कसं भागणार? भावजींनी त्यावर तोड काढली होती. ते भिंतीशी बोलायचे. "भिंतीबाई, जरा च्या टाका," असं पडवीतून ऐकू आलं की मी आतून म्हणायची, "भिंतीबाई, सांगा, गूळ संपलाय." मग थोड्या वेळानं गुळाची ढेप उंबऱ्यावर येऊन पडायची. आमटी खारट झाली तर भिंतीबाईच्या हाताला मीठ लई झालंय असं म्हणायचे. माझी पोरं लहानपणी खरंच समजायची की आपल्या घरात भिंतीबाई नावाची एक बाई राहते. मलाही हसू यायचं. माणूस वाईट होता असं मी म्हणत नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, चार शिव्या घालून मोकळी झाले असते.

आता त्यांचं काम सांगते. कपाटाच्या बाजूला आडवी खाच पाडतात आणि मधल्या फळीचं टोक त्या खाचेत बसवतात. मागच्या कडेला वरपासून खालपर्यंत एक पायरी काढतात, तिला पताम म्हणतात, तिच्यात पाठीच्या फळ्या बसतात. कपाट उभं राहिलं की बाहेरून यातलं काही दिसत नाही. पण खाच सैल असली तर वर्षभरात फळी डुगडुगायला लागते, आणि घट्ट असली तर पावसाळ्यात लाकूड फुगून बाजू उलते.

दुसरे सुतार पट्टीनं फळीची जाडी मोजत आणि तेवढी खाच आखून मोकळे होत. भावजींच्या डोक्यात तिडीक जायची. "पट्टीला काय इचारतूस? फळीला इचार की!" जी फळी बसवायची तीच बाजूवर उभी धरायची, तिच्या दोन्ही अंगांनी सुरीच्या टोकानं रेघ ओढायची आणि करवत रेघेच्या आतून चालवायची. रेघ खायची नाही. खोली बाजूच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी. "जास्त खांदलं तर बाजू मरती, कमी खांदलं तर फळी मरती," हे तर मी भाकऱ्या थापताना इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणेन. श्रावणात काम निघालं तर खाच घट्ट, कारण लाकूड आधीच फुगलेलं असतं. चैत्रात केसभर सैल, कारण ते पुढं फुगणार असतं. एकीची खाच दुसरीला चालायची नाही, म्हणून प्रत्येक फळीच्या टोकाला आणि तिच्या खाचेला ते पटाशीनं सारख्या खुणा करून ठेवत.

फळी बसवायची ती नुसत्या तळहातानं. हातोडी लागली तर खाच नापास, आणि फळी आपली आपण घसरली तरी नापास. "खाचेनं हूं म्हनलं पायजे," असं ते म्हणायचे. आणि खरंच, फळी आत जाताना हूं असा बारीक आवाज यायचा. मी चुलीपाशी ऐकलाय. गिऱ्हाईक समोर असलं की भावजींना चेव यायचा. बसवलेली फळी धरून ते सगळी बाजू उचलायचे. ना खिळा, ना सरस, नुसत्या खाचेच्या जोरावर ती जडशीळ बाजू अधांतरी लोंबत राहायची आणि गिऱ्हाईक तोंडात बोट घालायचं. मग भावजी स्वतःलाच सांगायचे, "ठिव रं गेन्या खाली, नजर लागंल." हा तमाशा मी फटीतून किती वेळा पाहिला असेल, पण दर वेळी माझाही श्वास अडकायचा.

मात्र आखणी फक्त त्यांची. आखायची सुरी फडक्यात गुंडाळून त्यांच्या कनवटीला असायची. आंघोळीला गेले तरी सुरी डोळ्यांसमोर दगडावर. हे करवत चालवत, रंधा मारत, पताम काढत, जड ओझी उचलत. पण रेघ दादाची. "आखनी माजी, कापनी तुजी," असं एकदा ठरलं ते ठरलं. ह्यांच्या मिशीत पांढरा केस दिसायला लागला तरी गावात कुणी ह्यांना मिस्त्री म्हणत नव्हतं. गेनू मिस्त्रीचा भाऊ, एवढीच ओळख. कुणी साधी चौकट सांगायला आलं तरी हे म्हणायचे, दादाला विचारा. मला ते सलायचं. उद्या दादा थकले, मग? ह्यांच्या हाताला नाव नको का? मी पाठ सोडत नसे. हे म्हणायचे, "दादा देत्याल येळ आली की." वेळ काही येत नव्हती.

मग शेटजींचं कपाट आलं. शेटजी म्हणजे आमच्या पेठेतले कापडवाले. त्या वेळी लढाई सुरू झाली होती पण सागवान अजून मिळत होतं. कपाट अर्धं झालं आणि भावजी लाकूड बघायला नगरला गेले. निघताना सुरी बरोबर घेऊनच गेले. आणि त्या दिवशी आमच्या ह्यांच्या अंगात काय संचारलं कोण जाणे! माझ्याकडची विळी मागून घेतली. भाजीची विळी! तिचं टोक दगडावर घासलं, फळी बाजूवर उभी धरली आणि रेघ ओढली. मी फटीला डोळा लावून बसले होते, चुलीवरचं कालवण करपलं तरी कळलं नाही. ह्यांनी करवत मारली, पटाशीनं खाच साफ केली, फुंकर घातली आणि तळहातानं फळी दाबली. खाचेनं हूं म्हटलं. अगदी तस्सं. ह्यांनी फळी ओढून परत दाबली, परत हूं, आणि इकडं माझ्या डोळ्यांना धार लागली होती.

भावजी परत आले तेव्हा नेमके शेटजीही काम बघायला आलेले. ह्यांनी भीतभीत सांगितलं, "दादा, येवडी खाच म्या आखली." भावजींचा अंगठा खाचेच्या कडेवरून फिरला, मग परत फिरला. त्यांनी फळी दाबली. ती बसली. मग शेटजींनीच ह्यांना ती फळी धरून बाजू उचलायला लावली, आणि बाजू लोंबत राहिली.

"अरे सख्या, तुझा हात बसला की!" शेटजी म्हणाले. "माझ्या सुप्याच्या दुकानाचं सगळं काम आता तूच घे. मिस्त्री म्हणून घे."

सुप्याचं काम! मिस्त्री म्हणून! आत मी देवाला हात जोडले.

भावजी म्हणाले, "थांबा शेटजी. फळीला धस हाय, हातात जायची कुनाच्या. तेवडी काडतो." त्यांनी फळी बाहेर ओढली, मांडीवर घेतली आणि रंधा उचलला. आणि मी तो आवाज ऐकला. टक्. रंध्याच्या पात्यावर हातोडीचा एक हलका टोला. त्या घरात इतकी वर्षं काढलेल्या बाईला काय सांगायला हवं? पातं खाली उतरवायचं, जाड साल काढायची, तेव्हाच तो टोला देतात. धस काढायला कुणी पातं उतरवत नाही. रंधा फळीवरून एकदाच गेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि एक लांबलचक सालपट वळत वळत जमिनीवर पडलं.

फळी परत खाचेत गेली. हूं नाही, काही नाही. भावजींनी नुसतं बोट लावलं तर खुळखुळ वाजली.

"बगा," ते म्हणाले. "तवा अडकून बसली हुती, म्हनून बरी वाटली. अजून लई कच्चा हाय त्यो."

शेटजींनी मान हलवली असेल, ती मला दिसली नाही. सुप्याचं काम गेलं. ह्यांचे हात मांडीवर उताणे पडले होते.

सगळे गेल्यावर मी पडवी झाडायला गेले आणि ते सालपट उचललं. भावजींच्या हातचं सालपट कांद्याच्या पापुद्र्यासारखं निघायचं, पलीकडचं दिसेल असं. हे चांगलं जाड होतं. मी ह्यांना बाजूला घेतलं, सालपट दाखवलं, टोल्याचा आवाज सांगितला. ह्यांनी माझ्यावरच डोळे वटारले. "लाकडातलं तुला काय कळतंय? दादा माजी लाज काडत्याल, त्येबी शेटजीसमोर? ज्येनं मला वाडवलं, त्यो?" मी पुन्हा सांगितलं. तेव्हा म्हणाले, "परत ह्ये त्वांडातून काडलंस तर म्हायेरी जाऊन ऱ्हा."

सालपट मी चुलीत घातलं. साग चांगला जळतो.

भावजींनी असं का केलं, हे मला तेव्हाही कळलं होतं. भीती, दुसरं काय? घरात ना बायको ना पोर. होती ती एक सुरी आणि ती रेघ. घरात दुसरा मिस्त्री झाला असता तर आपण नुसते भाकरीचे धनी उरू, असं त्यांना वाटलं असणार. वाटू दे. माणसाला भीती वाटते. पण स्वतःची भीती भागवायला त्यांनी माझ्या नवऱ्याचा हात मोडला. हाड मोडलं असतं तर हळद लावून बांधलं असतं मी.

कारण त्या दिवसापासून हे संपले. पूर्वी निदान आशेनं बघायचे, आता सुरीकडं नजरही जायची नाही. कुणी चेष्टेत म्हटलं तरी लगेच सांगायचे, माझ्या हातात ते नाही. पोराला गाडा करून द्यायचा तर तोही दादाकडून आखून घेतला. गाडा हो, खेळण्यातला!

पुढं सागवान मिळेनासं झालं. सगळं लाकूड लढाईकडं. नगरला एक ठेकेदार पलटणीसाठी खोकी करून घेत होता, आंब्याच्या ओल्या फळ्या, नुसते खिळे ठोकायचे. हे तिकडं गेले. आखणी नको, खाच नको, ह्यांना ते मानवलं. भावजी चिडले. "खिळं ठोकायला ग्येला! गेनू मिस्त्रीचा भाऊ!" असं ते भिंतीबाईला सांगायचे. मला बोलता येत असतं तर म्हटलं असतं की पाठवलं कुणी?

पण एक सांगायलाच हवं. त्या दिवसांत हे महिना महिना येत नसत, आणि भावजींनी मला आणि पोरांना काही कमी पडू दिलं नाही. स्वतः नांगर-पाभरीची असली नसली ती कामं करून धान्य आणून टाकलं. एक दिवस पडवीतून आवाज आला, "भिंतीबाई, तुमचं सगळ्यात थोरलं ताट द्या." मी ताट उंबऱ्यावर सरकवलं. मग वाटी मागितली, तांब्या मागितला. म्हटलं म्हाताऱ्याला काय झालं? चार दिवसांनी दारात फडताळ उभं. कुठलं तरी जुनं सागवान उकरून केलेलं, माझ्या भांड्यांवरून मापं घेतलेलं, फळ्या खाचेत, पाठ पतामात, एकही खिळा नाही. "भिंतीबाई, फळीवर वल्लं भांडं ठिवू नका." ते फडताळ आजही माझ्याकडं आहे. एक फळी हललेली नाही. त्याच्याकडं बघितलं की माझा राग दुप्पट होतो. असा हात असलेल्या माणसाला दुसऱ्याच्या हाताची एवढी भीती वाटावी?

लढाई संपली, हे परत आले. स्वातंत्र्यही आलं. पेढे वाटले, झेंडा लावला, आणि मग गावात वाचनालय निघालं. त्याच्या मास्तरांना पुस्तकांसाठी कपाट हवं होतं. ते आपल्या हातानं सागवान घेऊन आले. कितीतरी वर्षांनी पडवीत सागाचा वास आला. पण तोवर भावजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. त्यांनी फळी उभी धरली, रेघ ओढली, ह्यांनी कापली. फळी घातली तर धपकन खालीच आली. दुसरी बाजू घेतली, तीही तशीच. भावजींचे हात बराच वेळ त्या खाचेवर पडून राहिले.

मग त्यांनी कनवटीची सुरी काढली, फडकं सोडलं आणि पुढं धरली. ह्यांच्याकडं नाही, जरा बाजूलाच. दिसत नव्हतं ना.

"सख्या, घे. आजपास्नं आखनी तुजी."

"नगं दादा. माज्या हातात त्ये न्हाई. तुमाला ठावं हाय की."

"हाय तुज्या हातात. शेटजीच्या कपाटाची खाच आठवती?"

"आठवती. खुळखुळली हुती."

"न्हवती खुळखुळली," भावजी म्हणाले. "बरूबर बसली हुती ती. म्या पातं ठोकून सालपट काडलं. मुद्दाम काडलं, सख्या."

माझे हात पिठात होते, ते तसेच राहिले. आता, म्हटलं, आता तरी! बोलला एकदाचा! मी फटीला डोळा लावला. ह्यांच्या हातांनी करवत खाली ठेवली. मग ते पुढं झाले आणि भावजींच्या पायांवर टेकले.

"दादा, तुमी लई थोर मनाचं. माजं मन ऱ्हावं म्हनून सोताकडं वाईटपना घेताय."

"आरं गाडवा, खरं सांगतोय!"

"असू द्या, दादा. तुमी कसलं वाईट करताय माजं." आणि ह्यांनी ती सुरी फडक्यात नीट गुंडाळली आणि भावजींच्या कनवटीला खोचून दिली.

नंतर मी ह्यांना म्हटलं, बघा, मी काय सांगत होते? तर म्हणाले, "दादाचं मन लई मोटं हाय. तुला न्हाई कळायचं." कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. खोटं ह्यांनी एका क्षणात गिळलं होतं, आणि खरं काही केल्या घशाखाली उतरत नव्हतं. भावजींनी पुढं पुन्हा पुन्हा सांगून पाहिलं, चिडून, विनवून. दर वेळी हे त्यांच्या पाया पडले.

मास्तरांना कपाट तर द्यायचं होतं. ह्यांनी केलं, नगरला शिकलेल्या रीतीनं. बाजूंना आतून पट्ट्या ठोकल्या, पट्ट्यांवर फळ्या टेकवल्या, वरून खिळे मारले. मास्तरांना त्यात काही वावगं दिसलं नाही. बाहेरून कपाट छानच दिसत होतं.

कपाट न्यायला बैलगाडी आली, तेव्हा हे दोर आणायला मागच्या अंगणात गेले होते. गाडीवानाला पाणी द्यायला म्हणून मी तांब्या घेऊन बाहेर आले. कपाट गाडीत आडवं घातलेलं, आणि भावजी चाकाशी उभे. त्यांचा हात कपाटाच्या आत शिरला होता. अंगठा बाजूवरून फिरत होता, खाच शोधत. खाच नव्हती. पट्टी लागली, मग खिळ्याचं डोकं, मग पुढचं डोकं.

माझी चाहूल लागली तसं त्यांनी मान वळवली. मी तोंड फिरवायला हवं होतं, पण फिरवलं नाही. पहिल्यांदा तो चेहरा मी समोरून, उजेडात, पुरता पाहिला. डोळे दुधासारखे पांढरे झालेले, आणि बाकी सगळा तोंडवळा ह्यांचा. अगदी ह्यांचाच. मला कुणी सांगितलं नव्हतं.

"कोन? धाकटी का?" ते म्हणाले. तिथं भिंत नव्हती.

"व्हय," मी म्हटलं.

"धाकटे, एकच सालपट काडलं हुतं गं म्या. एकच."

"एकच पुरलं, भावजी," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. हे दोर घेऊन आले, कपाट आवळलं, गाडीवानानं बैलांना हाक दिली. भावजींचा अंगठा अजून त्या खिळ्यावरच होता. गाडी पुढं गेली तशी बाजू त्यांच्या हाताखालून निघून गेली, आणि हात तसाच पुढं धरून ते उभे राहिले.